गाडीच्या वेळेचा आलूबोंडा

पहाटे साडेपाच

नोव्हेंबरात गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावचे धुके बांध्यांवरून गावात येते. धान कापून झालेले असते, कडपा वाळत पडलेल्या असतात आणि त्यांचा ओलसर गोड वास आमच्या खोलीच्या खिडकीपर्यंत पोचतो. घरमालकीण आजी अंगणातल्या चुलीवर पाणी तापवत बसलेल्या असतात. त्या कोरा चहा करतात, त्यात आले ठेचून घालतात आणि मला पाहिले की विचारतात, "उठली का वो? आज कोठी?"

मी दारव्ह्याची, यवतमाळ जिल्ह्यातली. कृषी पदवीच्या सातव्या सत्रात ग्रामीण कार्यानुभव असतो. त्यासाठी आम्ही चौघी मैत्रिणी इथे खोली करून राहतो. गावातले लोक आम्हाला कृषीकन्या म्हणतात. खोलीत शेगडी लावायची नाही, ही भाड्याची अट आहे, त्यामुळे कोऱ्या चहानंतरचा प्रत्येक घास बाहेर. सुरुवातीला मला ही अडचण वाटली. आता वाटते की ही अट नसती तर मला हे गाव कळलेच नसते.

सकाळी सव्वासहा

स्टेशनच्या बाजूच्या चहाठेल्यावर पहिले दूध उकळते ते पॅसेंजरच्या हिशेबाने. गोंदिया ते बल्लारशा हा मार्ग एके काळी अरुंद रुळांचा होता. नव्वदच्या दशकात त्याचे रुंदीकरण झाले. एका बाजूला गोंदिया, दुसऱ्या बाजूला वडसा, नागभीड, चांदा फोर्ट. तालुक्याचा माणूस दवाखान्याला, कोर्टाला, सोयरिकीला याच रुळांवरून जातो. ठेलेवाले काका घड्याळ वापरत नाहीत. फाटक बंद झाले की ते पातेले आचेवर ढकलतात आणि गाडी फलाटाला लागेपर्यंत चहा कपात असतो.

इथे मी पहिला धडा शिकले. या गावात पाटीवरची यादी वाचून खायचे नसते, वेळ पाहून खायचे असते. जो पदार्थ ज्या माणसांसाठी तळला जातो, ती माणसे आली की तो गरम, चांगला आणि ताजा मिळतो. ती गेली की त्याच दुकानात तोच पदार्थ उरलेला असतो. शहरातल्या हॉटेलला दिवसभर गिऱ्हाईक असते, म्हणून तिथे दिवसभर तळतात. अर्जुनीचे गिऱ्हाईक अर्जुनीत राहतच नाही. ते केशोरीहून, महागावहून, बोंडगाव देवीहून, गोठणगावहून येते. तहसील, बँक, कॉलेज आणि बाजार करून परत जाते. म्हणून इथली कढई एसटीच्या वेळापत्रकावर चालते.

त्या ठेल्यासमोर लाकडी बाकडे आहे. त्यावर सकाळी पुरुष बसतात, शेजारच्या पानठेल्यावर खर्रा घोटला जात असतो. आम्ही पहिल्या आठवड्यात चहा हातात घेऊन रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहायचो. कुणी काही म्हणत नव्हते, पण बसा असेही म्हणत नव्हते. एका सकाळी काकांनीच बाकड्यावरच्या दोघांना म्हटले, "सरका गा थोडे, पोरी उभ्या आहेत." ते सरकले. तेव्हापासून बाकड्याचा डावा कोपरा आमचा आहे.

साडेसात

आता बसस्थानकाच्या बाजूला. पहिल्या दोन एसटी खेड्यांतून आल्या की नाश्त्याच्या हॉटेलात जी गर्दी होते ती तासभरच टिकते, आणि तो तास चुकवू नये असे मी कुणालाही सांगेन.

आलूबोंडा इथे हातात धरून खायचा पदार्थ नाही. उकडलेल्या बटाट्यात हिरवी मिरची, लसूण, सांबार म्हणजे कोथिंबीर, बेसनाचे जाडसर आवरण, आणि तेलातून निघाल्यावर दोन मिनिटांत तो स्टीलच्या प्लेटमध्ये चमच्याने फोडला जातो. त्यावर तर्री. ही तर्री चण्याची, पातळ, वर लाल तेलाचा थर असलेली. मग बारीक कापलेला कांदा, शेव आणि मागितली तर लिंबाची फोड. आवरण तर्री पिऊन मऊ होते, पण तळाशी थोडे कुरकुरीत उरते. ते उरलेले असतानाच प्लेट संपवायची. थांबलात तर त्याचा लगदा होतो. पोह्यांचेही तसेच. पोहे स्वतः फिके, हळदीचे, जवळजवळ गरीब चवीचे केलेले असतात, कारण सगळा जोर तर्रीवर असतो. नागपूरच्या तर्रीपोह्यांचेच हे भावंड आहे, पण इथे तर्री दुसऱ्यांदा वाढायला मागितली तर वेगळे पैसे लागत नाहीत, आणि हे मला नागपुरात कधी अनुभवायला मिळाले नाही.

तिखट केशोरी भागातल्या मिरचीचे. धानाच्या या पट्ट्यात केशोरीच्या शेतकऱ्यांनी मिरची धरून ठेवली आहे, आणि तिचा रंग तर्रीत लगेच ओळखू येतो. हॉटेलवाले भाऊ मिरची घरी आणून देठ खुडून वाळवतात आणि गिरणीतून काढतात. बाजारच्या तयार तिखटाला रंग येतो, पण जिभेवर मागून येणारी गोडी येत नाही, असे त्यांचे म्हणणे. मी दोन्ही चाखून पाहिले. त्यांचे म्हणणे खरे आहे.

याच हॉटेलात दुसरी गोष्ट दिसते. सकाळच्या गर्दीत बायका बसून खातात. दोघी-तिघी मिळून येतात, पिशव्या टेबलाखाली ठेवतात, एक प्लेट बोंडा आणि एक प्लेट पोहे मागवून वाटून घेतात. मी भाऊंना विचारले, हे आधीपासून आहे का? ते म्हणाले, नाही, तिकीट अर्धे झाल्यापासून. 17 मार्च 2023 पासून राज्यात एसटीच्या गाड्यांत महिलांना तिकिटात 50 टक्के सूट आहे. पूर्वी घरातला एकच माणूस तालुक्याला यायचा आणि तो पुरुष असायचा. आता बाई स्वतः येते, बचत गटाचे काम करते, बँकेत अंगठा किंवा सही करते, आणि तिकिटाच्या वाचलेल्या पैशांत नाश्ता करते. भाऊंनी त्यासाठी आतल्या बाजूला दोन टेबले वाढवली. पडदा मात्र लावला नाही. बायकांसाठी पडद्याआडची कोंदट खोली मी अनेक गावांत पाहिली आहे, म्हणून मला हे मोठे काम वाटते.

नऊ ते साडेअकरा

शेतावर. आमचे काम बियाणे, खत, कीड आणि उत्पन्न यांच्या नोंदी घेण्याचे. सध्या कापणी संपत आलेली, कुठे पुंजणे रचले जात आहेत, कुठे मळणीयंत्राची धूळ उडते आहे. उभ्या धानात ओल असतानाच फेकलेली लाखोरी आता बांधीत बोटभर वर आली आहे. नांगरट नाही, पाणी नाही, धानाच्या उरलेल्या ओलीवर उभे राहणारे हे पीक. दारव्ह्याला कापूस आणि तूर पाहत वाढलेल्या मला हे फार शहाणपणाचे वाटते. शेतकरीण बाई बांधावर शिदोरी सोडतात आणि आम्हालाही बसवतात. भात, वरण, वांग्याची भाजी. पण हे घरचे जेवण, त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

पावणेबारा

परतताना कॉलेजच्या रस्त्याला शिवप्रसाद सदानंद जायस्वाल महाविद्यालयाची मुले-मुली घोळक्याने भेटतात. बहुतेक खेड्यांतून एसटीने येणारी. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, त्यामुळे कनिष्ठ वर्गांत मुली भरपूर. त्यांच्या दप्तरात डबा असतो आणि हातात खर्चायला फार थोडे पैसे. त्या पैशांत समोसा बसतो, म्हणून या रस्त्यावर दुपारी समोसाच तळतात. परत घड्याळ आणि गिऱ्हाईक.

दुपारी एक

मेस. एका काकूंच्या घराच्या पडवीत चार टेबले, भिंतीवर कॅलेंडर, खिळ्याला लटकवलेली हिशेबाची वही. महिन्याचे खाते. जेवायला आम्ही चौघी, कॉलेजचे काही विद्यार्थी, दोन-तीन बदलीवर आलेले नोकरदार. ताटात दोन पोळ्या, भाजी, वरण, लोणचे आणि भात. पण हे वाचून भाताचे प्रमाण कळणार नाही. आमच्याकडे भात शेवटी घासभर असतो. पोट भाकरीने भरायचे. इथे पोळी ही नुसती सुरुवात आहे, खरे जेवण भाताने सुरू होते. काकू पहिला भात वाढून पुढे जातात आणि ताट अर्धे रिकामे होण्याच्या आत परत येतात. पहिल्या दिवशी मी हात आडवा केला, तर म्हणाल्या, "जेवली कुठी वो तू अजून?"

तांदूळ एचएमटी. बारीक, मोकळा, गार झाला तरी न चिकटणारा. या तांदळाची गोष्ट आम्हाला वर्गात पंधरा मिनिटांत शिकवली होती, आणि इथे ताटासमोर बसून तिचे वजन कळले. दादाजी खोब्रागडे हे नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे छोटे शेतकरी. 1983 मध्ये त्यांना स्वतःच्या शेतात पटेल 3 या वाणात वेगळ्या दिसणाऱ्या काही लोंब्या आढळल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, निवडत गेले, आणि काही वर्षांत एक नवे वाण हाती आले. तेव्हा एचएमटीचे घड्याळ सगळ्यांना हवे असायचे, तेच नाव तांदळाला पडले. पुढे ते विदर्भाच्या धानपट्ट्यात आणि बाहेरच्या राज्यांतही पसरले. दादाजींना मात्र आयुष्यभर पैशाची ओढाताणच राहिली. 3 जून 2018 रोजी ते गेले. नागभीड याच रेल्वेमार्गावर आहे. सकाळी मी ज्या गाडीच्या वेळेचा चहा पिते, ती त्यांच्या तालुक्यातून जाते. कृषीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी त्या पट्ट्यात बसून हा भात पोटभर खावा असे मला मनापासून वाटते, कारण संशोधन कुठे होते याची आपली कल्पना फार अरुंद असते.

काकूंची वही हा वेगळा विषय आहे. धान खरेदी केंद्रावर विकलेल्या धानाचे पैसे यायला वेळ लागतो. गावातल्या मुलांचे वडील त्या पैशांवर अवलंबून, म्हणून मुलांचे मेसचे पैसेही तेव्हाच. काकू हे धरूनच चालतात. दिवाळीआधीची पाने भरलेली असतात, आणि धानाचे चुकारे झाले की एकेक पान आडव्या रेघेने बंद होते. त्या कुणाला थांबवत नाहीत, जेवणाला कुणाला नाही म्हणत नाहीत. किराणेवाला त्यांना सांभाळतो, त्या मुलांना सांभाळतात, आणि सगळ्यांना सांभाळणारे धान अजून पुंजण्यात असते.

तीन

आज बाजार आहे. ढिवर बायका टोपल्यांत उकडलेले शिंगाडे घेऊन बसल्या आहेत, काळे, टोकदार, आत पांढरे. शेजारी तलावातले मासे. इथल्या तलावांचा इतिहास म्हणजे कोहळी समाजाच्या हातांचा इतिहास. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात, सात बहिणी नावाच्या टेकड्यांच्या मध्ये. धान, शिंगाडा आणि मासा हे तिन्ही त्याच पाण्यावर. शिंगाडे कागदाच्या पुडीत घ्यायचे आणि चालत सोलत खायचे. साल दातांनी फोडू नका, टोक लागते.

साडेचार

मुख्य रस्त्यावर नवे कॅफे निघाले आहे. काचेचे दार, रंगीत दिव्यांच्या माळा, कोल्ड कॉफी, मॅगी, पिझ्झा, मोमो. आमच्या गटात यावर दोन मते आहेत. एक मैत्रीण म्हणते, एवढ्या चांगल्या गावात हे कशाला खायचे? मी दुसऱ्या मताची. कॉफी साधारण आहे आणि पिझ्झ्याची पोळी आधीच भाजून ठेवलेली असते, हे खरे. पण कॉलेजच्या मुलींना दोन तास टेबलावर पुस्तक उघडून बसता येईल, कुणी उठवणार नाही आणि बाहेरून कुणी खाणाखुणा करणार नाही, अशी गावातली ही एकच जागा आहे. एका कोल्ड कॉफीत तिघी बसतात आणि चालवणारा तरुण त्यांना काही बोलत नाही. चहाठेल्याचे बाकडे मुलांना पिढ्यान्‌पिढ्या फुकट मिळाले. मुलींना बसण्यासाठी कॉफीचे पैसे मोजावे लागतात, तरी त्या मोजतात. मला यात त्यांची निकड दिसते.

मोमोबद्दल सांगायलाच हवे. कॅफेतले मोमो गोठवलेले येतात आणि वाफवून मिळतात. पण या तालुक्यात मोमो कॅफेने आणलेले नाहीत. गोठणगावच्या बाजूला, इटियाडोह धरणाच्या परिसरात, नॉर्गेलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत 1972 पासून आहे. तेव्हा हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता; गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी वेगळा झाला. म्हणजे महाराष्ट्रातल्या शहरांत मोमोच्या गाड्या लागण्याच्या कितीतरी आधी झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानपट्ट्याच्या, जंगलाकाठी कुणीतरी रोज पीठ मळून, सारण भरून, चुण्या घालून ते वाफवत होते.

एका सुट्टीच्या दिवशी आम्ही तिकडे गेलो. हिवाळा सुरू झाला की वसाहत निम्मी रिकामी होते, कारण कामाची माणसे स्वेटर विकायला शहरांत जातात. मागे म्हातारी माणसे आणि मुले. एका घरी आजींनी आम्हाला थुक्पा दिला: हाताने ओढलेल्या शेवया, पातळ रस्सा, कांद्याची पात. त्यांचे मराठी आमच्यापेक्षा जास्त इथले होते, "बसा जी" म्हणणारे. त्यांनी बाजूला एक लाल चटणी ठेवली. मी विचारले, मिरची कुठली? "केशोरीची," म्हणाल्या, "दुसरी कोठून आणू?" ल्हासाच्या रश्शात आणि अर्जुनीच्या तर्रीत एकाच शिवाराचे तिखट आहे, हे मी माझ्या नोंदवहीत मिरचीच्या पानावर लिहून ठेवले. अहवालात त्याला रकाना नाही.

सहा

गुपचूपचा ठेला. संध्याकाळच्या परतीच्या एसटीआधीचा हा अर्धा तास पूर्णपणे बायका-मुलींचा. चिंचेच्या पाण्याची घागर, वाटाण्याचे गरम सारण, पानांचे द्रोण. बाजार करून थकलेल्या बाया पिशव्या पायांशी ठेवून गोल उभ्या राहतात, एकमेकींच्या द्रोणात पाहतात, ठेलेवाल्याशी तिखटावरून वाद घालतात. शेवटी एक सुकी फुकट. कंडक्टरने घंटी दिली की सगळ्या पळतात. मग ठेल्यावर शुकशुकाट होतो आणि तो आपले सामान आवरायला लागतो, कारण आज त्याला पुढे जायचे आहे.

रात्री नऊ

त्याला आणि आम्हालाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडई सुरू होते. प्रत्येक गावाची वेगळी तारीख, म्हणजे लेकी-जावयांना सगळीकडे जाता येते. दिवसा दंडार आणि दुकाने, रात्री नाटक. घरमालकीण आजींच्या माहेरच्या गावी आज मंडई आहे आणि त्यांनी आम्हाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घोंगड्यांसह बसवले आहे. नाटक मंडळी वडशाची. तिथूनच या पट्ट्यातली बहुतेक नाटके ठरतात. 2023 मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, आणि आजी ते अजून घरातल्या कार्यासारखे सांगतात.

मंडपाबाहेर खाण्याची दुकाने ओळीने लागली आहेत. अर्जुनीत दिवसभर वेगवेगळ्या तासांना भेटलेली माणसे इथे एकत्र दिसतात: गुपचूपवाला, शिंगाडेवाली, नाश्त्याच्या हॉटेलातला भजे तळणारा मुलगा, जो रात्रीपुरते स्वतःचे दुकान मांडून बसला आहे. मिरची भजे, आलूबोंडे, जिलेबी, चिवडा, नड्डे. दरही जवळजवळ तालुक्याचेच.

रात्री दीड

दोन अंकांच्या मधला वेळ. आत ऑर्गन थांबला आहे, थंडी चांगलीच पडली आहे. आणि चहाच्या ठेल्यावर बायका आहेत. म्हाताऱ्या, नव्या लग्नाच्या, कडेवर झोपलेले मूल घेतलेल्या, कॉलेजच्या मुली. कुणी बाकड्यावर बसल्या आहेत, कुणी चुलीपाशी हात शेकत उभ्या आहेत. पुरुष मागे उभे राहून आपल्या कपाची वाट पाहत आहेत. सकाळी ज्या बाकड्यावर जागा मिळायला आम्हाला आठवडा लागला, तसले बाकडे इथे रात्री दीड वाजता बायकांनी भरले आहे आणि कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही. नाटकाला सगळे गाव येते, घर कुलूपबंद असते, मग चहाला एकटा पुरुष कसा येईल? मी आजींना हे बोलून दाखवले. त्यांनी बशीत चहा ओतला आणि म्हणाल्या, "आमच्या मायच्या वेळेपासून हे असेच आहे वो."

भजे तळणाऱ्या मुलाने आमची प्लेट भरली. त्याला विचारले, उद्या सकाळी हॉटेलात बोंडे कोण तळणार? "मीच," म्हणाला, "पहिली एसटी साडेसातला, मी सातला." आणि परवा रात्री? परवा केशोरीकडे एका गावी, त्यानंतर महागावच्या बाजूला, मग दोन दिवस मोकळे, मग बोंडगावकडे. त्याने तारखा तोंडपाठ सांगितल्या. मी त्या नोंदवहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतल्या, मैत्रिणींनी कोणत्या रात्री कोण येणार ते ठरवले, आणि आत तिसऱ्या अंकाची घंटा झाली तेव्हा आम्ही अजून एक प्लेट मागितली होती.